पाच वर्षं झाली, आता पुन्हा दुर्बीण कशाला?

प्रश्न: माझे यजमान 61 वर्षांचे आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांना घशाच्या अगदी खालच्या भागात कॅन्सर निघाला. लवकर सापडला म्हणून नुसत्या रेडिएशनवर भागलं, आवाजही वाचला. गेल्या महिन्यात पाच वर्षं पूर्ण झाली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण डॉक्टर म्हणाले, घशाची दुर्बिणीची तपासणी दरवर्षी चालू ठेवायची, शिवाय अन्ननलिकेचीही करायची. हे ऐकायला तयार नाहीत. ‘पाच वर्षं झाली, मी पास झालो, आता नळी घालून घेणार नाही,’ म्हणतात. त्यांना नळीचा फार त्रास होतो, ठसका लागतो, जीव घाबरा होतो. मागच्या वर्षी ॲसिडिटीसाठी पोटाची एन्डोस्कोपी झाली होती, ती नॉर्मल आली. त्यात घसाही पाहिलाच असेल ना? सिगारेट त्यांनी तेव्हाच सोडली, तोवर तीसेक वर्षं रोज पाकीटभर ओढत. दारू मात्र अजून अधूनमधून चालते. मुलगा 32 वर्षांचा आहे, तोही सिगारेट ओढतो. त्याची आणि माझीही अशी तपासणी करून घ्यावी का? नणंदेने ‘कॅन्सर उलटू नये म्हणून’ व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या आहेत, त्या द्याव्यात का?

उत्तर:

ताई,

आधी तुमच्या यजमानांचं अभिनंदन. घशाच्या त्या भागातला कॅन्सर लवकर सापडणं, आवाज शाबूत राहणं आणि वर पाच वर्षं निर्वेध जाणं हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलेलं पाहिलं की आम्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही बरं वाटतं. ते पास झालेत यात शंका नाही. फक्त पेपर दोन आहेत, आणि ते पास झालेत पहिल्यात.

पहिला पेपर जुन्या कॅन्सरचा. घशाचा कॅन्सर उलटतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. म्हणून सुरुवातीला तपासण्या जवळजवळ असतात आणि मग अंतर वाढत जातं. अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्रांच्या ‘एनसीसीएन’ या संघटनेचं वेळापत्रक बरेच डॉक्टर वापरतात. त्यात पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षात चार ते आठ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी असते. पाच वर्षांनंतर वेळापत्रक विरळ होतं, संपत नाही. ते का संपत नाही, हाच दुसरा पेपर.

सिगारेटचा धूर आणि दारू एका जागी बसून राहत नाहीत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका या सगळ्या वाटेच्या आतल्या अस्तराला त्यांचा मारा वर्षानुवर्षं बसतो, आणि धुराचा फुप्फुसांनाही. 1953 साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा गाठीच्या भोवतालचं, नुसत्या डोळ्यांना निरोगी वाटणारं अस्तरही बिघडलेलं निघालं. म्हणजे कॅन्सर एका ठिपक्यावर उगवतो, पण बिघाड पसरलेला असतो. तुमच्या यजमानांच्या एका ठिपक्यावर उपचार झाले आणि तो गेला. बाकीचं अस्तर त्यांचंच, तीस वर्षं धूर सोसलेलं. त्यात दुसऱ्या ठिकाणी, पहिल्याशी संबंध नसलेला नवा कॅन्सर उगवू शकतो. डोकं-मानेच्या (म्हणजे तोंड, घसा, स्वरयंत्र या भागातल्या) कॅन्सरमधून बरे झालेल्यांत असा नवा कॅन्सर निघण्याचं प्रमाण साधारण वर्षाला 3 ते 7 टक्के सांगितलं जातं. मुख्य म्हणजे जुना उलटण्याची भीती जशी वर्षागणिक ओसरते तशी ही ओसरत नाही. सहाव्या वर्षीही ती असते, दहाव्या वर्षीही असते.

याचा अर्थ त्यांना दुसरा कॅन्सर होणारच, असा मुळीच घेऊ नका. कुठलंही एक वर्ष घेतलं तर शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांच्या तपासणीत नवं काही निघत नाही. पण पाच वर्षांचा आकडा या हिशोबात येतच नाही, एवढं त्यांना कळायला हवं.

आता त्यांच्यासाठी सगळ्यात वजनदार मुद्दा, जो बहुधा त्यांना कुणी नीट सांगितलेला नसावा. त्यांचं रेडिएशन वापरून झालं आहे. घशातल्या त्याच भागाला पुन्हा पूर्ण डोस देणं फार थोड्या रुग्णांत जमतं आणि त्याचे दुष्परिणाम जड असतात. पहिल्या वेळी जो सोपा रस्ता होता तो दुसऱ्या वेळी बहुतेक बंद असेल. नवा कॅन्सर त्याच भागात उगवला आणि मोठा होऊन सापडला, तर स्वरयंत्र काढून मानेला श्वासासाठी कायमचं छिद्र ठेवण्याचं ऑपरेशन समोर येऊ शकतं. तोच अस्तराच्या वरच्या थरात असताना सापडला, तर तोंडातूनच लेझरने किंवा दुर्बिणीतून तेवढा पापुद्रा सोलून काढता येतो. मान कापावी लागत नाही, आवाज राहतो, रुग्ण थोड्या दिवसांत घरी येतो. नवा निघेल की नाही हे आपल्या हातात नाही. निघाला तर तो या दोन टोकांपैकी कुठल्या टोकाला सापडेल, हे बरंचसं तपासणीवर ठरतं.

‘त्रास झाला की जाईन’ असंही ते म्हणत असतील. स्वरतंतूंचा कॅन्सर असता तर त्यात थोडा तरी अर्थ होता, कारण तिथे तीळभर गाठ झाली तरी आवाज बदलतो आणि माणूस डॉक्टरकडे जातो. पण स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना, घास खाली उतरतो तिथे, खळगे असतात. त्या खळग्यांमध्ये सुरुवातीला काहीही जाणवत नाही. दुखत नाही, आवाज बदलत नाही. घास अडकू लागतो किंवा मानेत गाठ लागते तोवर रोग बराच पुढे गेलेला असतो. घशाच्या या भागाचे बहुतेक कॅन्सर म्हणूनच उशिरा सापडतात. तुमच्या यजमानांचा लवकर सापडला, यात नशिबाचा वाटा होता. दुसऱ्यांदा नशिबावर विसंबण्याचं कारण नाही.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगते. नियमित दुर्बिणीमुळे मृत्यू नक्की इतके कमी होतात असं दाखवणारी मोठी, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी घशाच्या बाबतीत झालेली नाही. शिवाय लवकर सापडलेला रुग्ण जास्त वर्षं जगलेला दिसतो, त्यात काही भाग नुसता ‘मोजायला आधी सुरुवात केली’ एवढाच असतो. तरीही ज्याला एकदा कॅन्सर झालेला आहे आणि ज्याचा उपचाराचा एक पर्याय संपलेला आहे, त्याच्यासाठी वर्षातून पाच मिनिटांची तपासणी आणि स्वरयंत्र गमावण्याचा धोका यांत निवड करताना मला विचार करावा लागत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते बरोबर आहे.

आता पोटाच्या एन्डोस्कोपीबद्दल. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि महागात पडतो. पोटाची नळी घशातूनच जाते हे खरं, पण ती घशातून जाते, घशात थांबत नाही. तपासणाऱ्याचं लक्ष अन्ननलिका, जठर आणि त्यापुढच्या आतड्याच्या सुरुवातीकडे असतं. रुग्णाला उमासे येत असतात, त्यामुळे घसा लवकरात लवकर ओलांडायचा असतो. ते खळगे तर एरवी मिटलेलेच असतात, मुद्दाम उघडल्याशिवाय दिसत नाहीत. रिपोर्टमध्ये घशाबद्दल, स्वरयंत्राबद्दल, खळग्यांबद्दल स्वतंत्र वाक्य लिहिलेलं आहे का ते काढून पाहा. नसेल तर घसा पाहिला गेला नाही असं धरून चाला. उलट दिशेनेही हेच. नाकातून घातलेली घशाची दुर्बीण अन्ननलिकेच्या तोंडाशी थांबते, तिला अन्ननलिका दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही सांगितल्या आहेत, तुम्हाला घोळात घेण्यासाठी नव्हे.

पुढच्या वेळी अन्ननलिकेची तपासणी ठरेल तेव्हा आधीच सांगून ठेवा: यांना घशाचा कॅन्सर झालेला आहे, जाता-येता घसाही पाहा. आणि त्या यंत्रात ‘एनबीआय’ची किंवा तशाच दुसऱ्या रंगीत प्रकाशाची सोय आहे का, ते विचारा. विचारायला संकोच करू नका. एनबीआयमध्ये पांढऱ्या प्रकाशातले फक्त दोन अरुंद पट्टे वापरतात, एक निळा (415 नॅनोमीटर) आणि एक हिरवा (540 नॅनोमीटर). हे दोन्ही पट्टे रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. त्यामुळे अस्तराच्या अगदी वरच्या थरातल्या केसासारख्या रक्तवाहिन्या गडद तपकिरी उठून दिसतात. कॅन्सर सुरू होतो तेव्हा याच वाहिन्यांची वेटोळी वेडीवाकडी आणि दाट होतात, गाठ किंवा जखम होण्याच्या कितीतरी आधी. जपानमध्ये अन्ननलिकेचा कॅन्सर असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या 320 रुग्णांवर दोन्ही प्रकाशांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष 2010 साली आले. डोकं-मानेच्या भागात सापडलेल्या वरवरच्या कॅन्सरपैकी साध्या प्रकाशात फक्त 8 टक्के दिसले होते, एनबीआयमध्ये सगळे दिसले. अन्ननलिकेत हेच आकडे 55 आणि 97 टक्के होते. अर्थात ती सराईत डोळ्यांची कामगिरी होती. रेडिएशन झालेल्या घशात सूज आणि लाली वर्षानुवर्षं राहते, तिथलं चित्र इतकं स्वच्छ नसतं आणि फसवा संशयही येतो. म्हणून शक्यतो दरवर्षी त्याच डॉक्टरांकडे जा आणि आधीचे फोटो जपून ठेवा. गेल्या वर्षीच्या लालीशी यंदाची लाली ताडून पाहणं हे निम्मं काम आहे.

अन्ननलिकेत आणखी एक युक्ती वापरतात. ल्युगोल नावाचं आयोडीनचं द्रावण फवारतात. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन असतं, ते आयोडीन धरून तपकिरी होतं. बिघडलेले पट्टे रंग घेत नाहीत, फिके राहतात. असे फिके पट्टे जितके जास्त तितका पुढे नवा कॅन्सर होण्याचा धोका जास्त, त्यामुळे पुढची तपासणी केव्हा करायची हेही त्यावरून ठरवता येतं. फवारल्यावर छातीत थोडा वेळ जळजळतं. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉईडचा आजार असेल तर आधी सांगायला हवं. घशात मात्र हे द्रावण सहसा फवारत नाहीत, श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते.

नळीच्या त्रासाबद्दल. तुमच्या पत्रातून मला नक्की कळलं नाही की त्यांना कुठल्या नळीची धास्ती आहे. माझा अंदाज, पोटाच्या. ती जाड असते, तोंडातून जाते, उमासे येतात. घशाची दुर्बीण साधारण 3 ते 4 मिलीमीटर जाडीची, मऊ, नाकातून जाणारी असते. आधी नाकात बधिर करणारं आणि नाक मोकळं करणारं औषध मारतात. औषधाने काम करायला काही मिनिटं लागतात आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच मिनिटं वाचवली जातात. तेव्हा ‘अजून बधिर झालं नाही, थोडं थांबा’ असं म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. कुठली नाकपुडी जास्त मोकळी आहे तेही सांगावं. आत गेल्यावर नाकाने संथ श्वास घेत राहायचा, गिळायचं नाही, कारण गिळताना नळी घशाला टेकते आणि ठसका लागतो. डॉक्टर ‘ई’ म्हणायला सांगतील, जीभ बाहेर काढायला सांगतील, मान एका बाजूला वळवायला लावतील. आणि ओठ मिटून फुगा फुगवल्यासारखे गाल फुगवायला सांगतील. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण त्यानेच ते मिटलेले खळगे उघडतात. गाल न फुगवता झालेली तपासणी अर्धीच झाली असं मी मानते. कुणी सांगितलं नाही तर यजमानांनी स्वतःहून विचारावं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. कधी नाकातून थोडं रक्त येतं, कुणाला चक्कर येते, यापलीकडे काही होणं विरळा. घसा बधिर असेपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, खाऊ-पिऊ नये. अन्ननलिकेच्या तपासणीसाठी झोपेचं हलकं औषध मिळू शकतं, तेही विचारा. पण अगदी गाढ झोपवलं तर ‘ई’ म्हणणं आणि गाल फुगवणं होत नाही. म्हणून घसा जागेपणी पाहिलेला बरा आणि अन्ननलिका गुंगीत पाहिली तरी चालते.

एक विचारते. त्रास खरंच नळीचा आहे का? पाच वर्षं नेमाने नळी घालून घेतलेला माणूस पाच वर्षं पूर्ण झाल्यावर नको म्हणतो, तेव्हा मला नळीपेक्षा निकालाची भीती जास्त दिसते. ‘मी बरा झालो’ हे एकदा मनात ठरवलं की दरवर्षी तो निकाल पुन्हा टांगणीला लावणं जड जातं. तुम्ही वाद घालू नका, ‘कशाची भीती वाटते’ एवढंच विचारून गप्प बसा. निकालाचीच भीती असेल तर त्यावर थोडा उपाय आहे. घशाच्या दुर्बिणीत काय दिसलं ते डॉक्टर तिथल्या तिथे सांगू शकतात, पडद्यावर दाखवूही शकतात. आठवडाभर रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. काही संशयास्पद दिसलंच तर पुढची पायरी बहुधा तुकडा काढून तपासण्याची असते. रेडिएशन झालेल्या स्वरयंत्राच्या आसपास तुकडा काढताना जखम चिघळण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर आधी स्कॅन करून मग ठरवतील. तो उशीर म्हणजे हलगर्जीपणा नव्हे.

दारूबद्दल मी गोड बोलणार नाही. ‘अधूनमधून’ हा शब्द पत्रात वाचला आणि सगळ्यात जास्त तिथेच खटकलं. दारूतून शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारू पिण्यातून येणाऱ्या या द्रव्याला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. दोन घोटांत ज्यांचा चेहरा लालबुंद होतो त्यांच्या शरीरात ते साठून राहतं, त्यांना धोका आणखी जास्त. जपानमध्ये अन्ननलिकेचा सुरुवातीचा कॅन्सर दुर्बिणीतून काढलेल्या 330 रुग्णांचा पाठपुरावा झाला. ज्यांनी दारू पूर्ण सोडली त्यांच्यात अन्ननलिकेत पुन्हा नवे कॅन्सर उगवण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. दुर्बीण कॅन्सर लवकर शोधते, तो होऊ नये यासाठी काही करत नाही. दारू सोडणं करतं. दुर्बीण एक वर्ष चुकली आणि दारू सुटली, तर मला त्याचं कमी वाईट वाटेल. (हे वाक्य त्यांना तोडून दाखवू नका, ते सोयीचं तेवढंच घेतील.)

त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉईड हळूहळू मंदावतो, म्हणून टीएसएच ही रक्ततपासणी दर 6 ते 12 महिन्यांनी हवी. आणि तीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट, सोडून जेमतेम पाच वर्षं, वय 61 असं असताना फुप्फुसांच्या कमी किरणांच्या सीटी स्कॅनचा विचार व्हायला हवा. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाची 2021 ची शिफारस 50 ते 80 वयाच्या अशाच लोकांसाठी आहे. रोज एक पाकीट या हिशोबाने निदान 20 वर्षं ओढलेली आणि सोडून 15 वर्षं व्हायची असलेली. घशाच्या नादात फुप्फुस विसरलं जातं, असं फार होतं.

तुमच्या स्वतःच्या घशाची दुर्बीण नको. तंबाखू-दारू नाही आणि काही त्रास नाही, असं तुमच्याबाबतीत मी धरते. हा कॅन्सर संसर्गाने नवऱ्याकडून बायकोला होत नाही आणि अशा घशात दरवर्षी शोधत बसलं तर निरुपद्रवी काहीतरी सापडून उगाच तुकडे काढले जातात.

मुलाचीही नको, पण त्याला तेवढ्यावर सोडू नका. 32 व्या वर्षी, लक्षणं नसताना, नुसती सिगारेट ओढतो म्हणून दरवर्षी घशाची दुर्बीण करा असं कुठलीही जबाबदार शिफारस सांगत नाही. वार्षिक दुर्बीण ‘नॉर्मल’ आली की ओढणाऱ्याला परवाना मिळाल्यासारखं वाटतं, हा तोटा वेगळाच. त्याच्या तोंडाची नुसती डोळ्यांनी नीट तपासणी मात्र दंतवैद्याकडून करून घ्या. केरळमध्ये आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडं तपासली, त्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2005 साली आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. व्यसन नसलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. पण हे तोंडापुरतं, घशाला लावता येत नाही. सिगारेट सोडली तर डोकं-मानेच्या कॅन्सरचा धोका पहिल्या चार वर्षांतच कमी झालेला दिसतो आणि वीसेक वर्षांत कधीच न ओढलेल्याच्या जवळ येतो. म्हणजे आज सोडली तर बावन्नाव्या वर्षी. वडिलांना साठीजवळ जे भोगावं लागलं त्याच्या आधीच.

मग नियमित दुर्बीण कुणासाठी? डोकं-मानेचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी. स्वरयंत्रावर पांढरा चट्टा असून तुकड्यात पेशी बिघडलेल्या निघाल्या आहेत त्यांच्यासाठी. फँकोनी ॲनिमिया या दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी, त्यांना हे कॅन्सर तरुणपणीच गाठतात. अनेक वर्षं भरपूर दारू आणि सिगारेट दोन्ही असलेल्यांचं डॉक्टर माणूस पाहून ठरवतात. यादी इतकीच लहान आहे.

दोन तपासण्यांच्या मध्ये मात्र तारखेची वाट पाहायची नसते. आवाज बसून तीन आठवडे झाले, घास अडकू लागला, गिळताना एकाच बाजूला दुखू लागलं, मानेत गाठ लागली, थुंकीत रक्त आलं, वजन घटलं, यातलं काहीही झालं तर पुढची अपॉइंटमेंट दहा महिन्यांवर असली तरी त्याच आठवड्यात जा. एक लक्षण लोक हमखास सोडून देतात, ते म्हणजे कान दुखणं. कान तपासला तर ठणठणीत, पण दुखणं जात नाही. घशाच्या खालच्या भागाची आणि कानाची संवेदना एकाच मज्जातंतूच्या फांद्यांतून जाते, त्यामुळे दुखतं घशात आणि जाणवतं कानात. हे लक्षण मुलालाही लागू, तुम्हालाही. लक्षण असेल तर दुर्बीण कुणाचीही करावी, तिथे वय आणि व्यसन पाहायचं नसतं.

राहिल्या नणंदबाईंच्या गोळ्या. हेतू चांगला आहे, पण गोळ्या देऊ नका. कॅनडातल्या क्युबेकमध्ये डोकं-मानेच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या 540 रुग्णांवर व्हिटॅमिन ई ची चाचणी झाली होती, निष्कर्ष 2005 साली आले. गोळ्या चालू असताना, गोळ्या घेणाऱ्यांत नवे कॅन्सर जास्त निघाले, कमी नव्हे. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं आयसोट्रेटिनॉइन कमी डोसमध्ये हजाराहून जास्त रुग्णांना देऊन पाहिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. नणंदबाईंना दुखवायचं नसेल तर बाटली तपासणीच्या दिवशी सोबत न्या, डॉक्टरांसमोर ठेवा आणि नकार त्यांच्या तोंडून येऊ द्या. रक्तात एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता खरोखर निघाली तर ते भरून काढायला ते वेगळं लिहून देतील.